चुकीच्या खिडकीची दुरुस्ती

गिरणामाई सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या नकाशात एक चूक होती, आणि ती नेमकी सुकदेव पाटलांच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती. जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला ही सोसायटी झाली तेव्हा पाठीला पाठ लावून जुळी घरं बांधली गेली. एकाचं तोंड या गल्लीला, दुसऱ्याचं त्या गल्लीला, मधली भिंत दोघांची. आता सामाईक भिंतीत खिडकी ठेवत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ठेकेदाराच्या माणसाने एका घराचा नकाशा उलटा करून दुसऱ्याला चिकटवला, खिडकी खोडायला विसरला, आणि गवंड्याने कागदावर दिसली तिथे ती ठेवून दिली. त्यामुळे पाटलांच्या स्वयंपाकघरातली खिडकी उघडली की वारा-उजेड काही यायचा नाही, कांतीलाल मुंदडांचं स्वयंपाकघर यायचं.

हीच चूक एखाद्या मास्तराच्या किंवा पोस्टमनच्या घरात असती तर बिचारी सुखाने नांदली असती. पण सुकदेव पाटील पाटबंधारे खात्यात आरेखक होते. कालवे, मोऱ्या, पाटचाऱ्या यांचे नकाशे काढण्यात आपला हात धरणारा अख्ख्या ऑफिसात कोणी नाही, असं त्यांचं मत होतं, आणि ते ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. अशा माणसाने रोज सकाळी चहा पिताना दुसऱ्याने काढलेल्या चुकीच्या नकाशाकडे बघत बसायचं म्हणजे शिक्षाच. पाहुणे आले की सुकदेवभाऊ त्यांना मुद्दाम आत नेऊन ती खिडकी दाखवायचे आणि म्हणायचे, "हे बघा. ही आपली लायकी." पाहुण्यांना वाटायचं, आपल्यालाच म्हणताहेत.

बायकांना मात्र नकाशातलं काही कळत नव्हतं. त्यामुळे त्यांनी त्या चुकीत संसार थाटला होता.

भिंतीच्या या बाजूला सुकदेवभाऊंची बायको कमल. मुलगी लग्न होऊन धुळ्याला गेलेली, मुलगा पुण्याला शिकायला, नवरा ऑफिसात. भिंतीच्या त्या बाजूला कांतीलालची आई झमकूबाई. सगळी सोसायटी त्यांना अक्का म्हणायची. घराणं मारवाडी, पण माहेर-सासर दोन्ही धुळ्याकडचं, त्यामुळे अक्का बोलायच्या ती तिकडची अस्सल अहिराणी. गुडघ्यांनी अक्कांना कधीचं सोडून दिलं होतं. पुढच्या दारापर्यंत जायचं तरी त्यांना भिंत धरावी लागे. त्यामुळे त्यांचं सगळं जग म्हणजे ती खिडकी. खिडकीला दारं नव्हतीच (चुकीला कोण दारं लावतो?), दोन्ही बाजूंनी एकेक पडदा होता. पडदा सरला की वाटी यायची. इकडून पातोडीची आमटी, तिकडून गट्ट्याची भाजी. इकडून ज्वारीच्या बिबड्याचा घाटा, तिकडून मक्याची राबोडी. वाटी रिकामी परत करायची नाही, हा दोघींचा कायदा. काहीच नसलं तर चिमूटभर साखर, तीही नसली तर अंगणातली चार तुळशीची पानं, पण वाटीत काहीतरी असायचंच. हिवाळ्यात भरिताची वांगी आली की कमल सगळ्यात आधी भरताचा एक गोळा बाजूला काढायची, बिनकांद्याचा, बिनलसणाचा. अक्का कांदा-लसूण खात नसत. तो गोळा खिडकीतून गेला की मगच घरच्या भरताला लसणाची फोडणी पडायची.

कमल परकर नेसायच्या वयात असतानाच तिची आई गेली होती. अक्कांना लेक नव्हती. हे दोघींपैकी कोणीही कधी बोलून दाखवलं नाही, आणि सुकदेवभाऊंच्या ते कधी लक्षात आलं नाही. नकाशात असल्या गोष्टी दाखवायची सोय नसते.

तर सुकदेवभाऊ साडूकडे नाशिकला गेले आणि साडूचं नवं स्वयंपाकघर बघून आले. तिथूनच सगळं बिनसलं. साडूच्या ओट्यावर एक वस्तू दिसत नव्हती. सगळं शटरच्या आड, वर सनमायका, शटर लावलं की आत चुंबक टक् असा आवाज करायचा. तो टक् सुकदेवभाऊंच्या जिव्हारी लागला. साडू बँकेत कारकून. त्याच्याकडे टक् आणि आरेखकाकडे काय, तर लोखंडी मांडणी, खाली जमिनीवर तेलाचे पत्र्याचे डबे ओळीने मांडलेले, आणि वर सामाईक भिंतीत खिडकी!

"कपाटं करायची," त्यांनी घरी आल्या आल्या जाहीर केलं.

कमलला त्यात एकच गोष्ट आवडली. "बाकी काही करा, पण माझे डबे जमिनीवरून उचला," ती म्हणाली. "उंदरांनी मागच्या वर्षी उडदाचे पापड पार पोखरले. तेलाचा डबा कपाटात उभा राहिला पाहिजे. मला एवढंच हवंय."

खानदेशातल्या घरात तेलाचा पंधरा किलोचा डबा रिकामा झाला म्हणून टाकून देत नाहीत. वरचा पत्रा कापून त्याला झाकण बसवलं की त्याचं खरं आयुष्य सुरू होतं. दादर ज्वारी, गहू, डाळी, कुरडया, पापड, शेवया, वर्षाची सगळी बेगमी त्या डब्यांत. कमलकडे असे डबे भिंतभर होते.

"एवढंच ना?" सुकदेवभाऊ हसले. गिरणेचं पाणी कुठल्या चारीतून कुठे न्यायचं हे कागदावर ठरवणाऱ्या माणसाला डब्यांचं काय मोठंसं?

त्यांनी नकाशा काढला. नकाशा कसला, प्रकल्पच. वरून दिसणारं दृश्य, समोरून दिसणारं दृश्य, उभा छेद, आडवा छेद, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. शीर्षक होतं, 'स्वयंपाकगृह: प्रस्तावित साठवण व्यवस्था', आणि खाली एका चौकटीत धरणाला लिहितात तशी 'एकूण साठवण क्षमता' लिहिली होती. कपाटांना सगळ्यात सोयीची भिंत म्हणजे सामाईक भिंत. तिच्यावर खालपासून वरपर्यंत कपाट उभं केलं की खिडकी आपोआप झाकली जात होती. एका रेघेत दोन कामं. दुसऱ्याची चूक स्वतःच्या पेन्सिलीने दुरुस्त करताना जे सुख मिळतं ते काय वर्णावं! नकाशा पुरा झाल्यावर ऑफिसातल्या पुना नावाच्या शिपायाला चहा पाजून त्यांनी त्याच्या निळ्या रेघांच्या अमोनिया प्रिंटा काढून घेतल्या, आणि ज्याने मागितली त्याला एक, ज्याने नाही मागितली त्याला दोन, अशा सोसायटीभर वाटल्या.

कमलने नकाशा हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. मग विचारलं, "आणि खिडकी?"

"तिथे चिनी मातीच्या बरण्या."

"तसं नाही. खिडकी कुठे गेली?"

"गेली नाही, दुरुस्त झाली," सुकदेवभाऊ म्हणाले. कमलचा चेहरा त्यांनी बघितलाच नाही, कारण ते आपला छेद बघत होते.

पण काम इतक्या सहज सुरू होईल तर सोसायटीला सेक्रेटरी कशाला हवा? छगननाना एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर गाड्या अडवल्या, आता माणसं अडवत होते. त्यांनी नकाशा चष्म्याच्या वरून एकदा, खालून एकदा बघितला.

"सामाईक भिंत आहे, पाटीलभाऊ. शेजाऱ्याची ना-हरकत लागेल. अर्ज तीन प्रतींत."

"नाना, मी भिंत पाडत नाहीये. झाकतोय."

"झाकताय म्हणूनच तर. पाडली असती तर शेजाऱ्याला दिसलं असतं." नानांच्या बोलण्यात नेहमी असंच काहीतरी असायचं, की ते खोडता येत नसे आणि पटतही नसे. जाता जाता त्यांनी एक सल्लाही दिला, "आणि मागच्या फळीला कडुनिंबाचं तेल लावा. वाळवी नियम पाळत नाही."

घर अक्कांच्या नावावर होतं. म्हणून सुकदेवभाऊ अख्ख्या ओळीला वळसा घालून, पिठाच्या गिरणीवरून, पलीकडच्या गल्लीत मुंदडांच्या पुढच्या दारी गेले. इतकी वर्षं शेजार, पण त्या दाराने जाण्याची ही त्यांची दुसरी-तिसरी वेळ. अक्का स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या पाटावर मेथी निवडत बसल्या होत्या. सुकदेवभाऊंनी अर्ज पुढे केला.

"खिडकी बंद करतस का भाऊ?" अक्कांनी विचारलं.

आता इथे सुकदेवभाऊंनी सरळ सांगायला हवं होतं, की अक्का, ही खिडकी माझ्या डोळ्यांत खुपते, बाकी काही नाही. पण म्हातारीच्या मांडीवर कमलच्या नावाची वाटी होती. त्यांना अवघडल्यासारखं झालं. मग अवघडलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, बायकोचं नाव पुढे केलं.

"कमलचीच हौस आहे हो, अक्का. तिला जागा पुरत नाही. कधीची मागे लागलीय."

अक्कांनी मेथीच्या काड्या एका बाजूला केल्या, हात पुसले आणि सही केली. "तुमनं घर शे, तुमनी भिंत शे," त्या म्हणाल्या. "मी काय हरकत लिसू?" मग त्यांनी सुकदेवभाऊंच्या हातावर साखर ठेवली. शुभकामाची.

घरी आल्यावर कमलने विचारलं, "अक्का काय म्हणाल्या?"

"काही नाही. उलट बरं झालं म्हणाल्या."

"बरं झालं? अक्का म्हणाल्या?"

एक थाप मारली की तिला टेकू द्यायला दुसरी लागते. सुकदेवभाऊंना चटकन सुचली ती दुसरी थाप मात्र, दुर्दैवाने, फार चांगली होती. "अगं, त्या कांदा-लसूण खात नाहीत ना. आपल्या फोडणीचा वास जातो तिकडे. इतकी वर्षं बोलल्या नाहीत, एवढंच."

कमल उठली. तिने गॅसवरची कढई खाली उतरवली. त्या दिवसाच्या वरणाला तिने लसूण घातला नाही. सुकदेवभाऊंना वरण बेचव लागलं आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

मिस्त्री होता भिकन, एरंडोलच्या बाजूचा. त्याने जन्मभर बैलगाड्या बनवल्या होत्या. गाड्यांना रबरी टायर आले, मग ट्रॅक्टर आले, आणि भिकन फर्निचरकडे वळला. पण मन गाडीतच राहिलं होतं. प्लायवूडचं नाव काढताच त्याने तोंड वाकडं केलं. "पुठ्ठा शे तो, भाऊ. पानी लागनं का फुगस." त्याने बाभळीच्या फळ्या आणल्या. त्या इतक्या जाड होत्या की वर दोन क्विंटल कापूस लादून घाट चढवला असता. सनमायका कमलला पांढरा हवा होता. दुकानात केळीच्या पानासारखा हिरवा होता. हिरवा आला.

माघातल्या एका दुपारी मागची फळी ठोकायची वेळ आली. पलीकडून पडदा सरला आणि अक्कांनी राबोडीच्या भाजीची वाटी पुढे केली. कमलने घेतली. दोघी काही बोलल्या नाहीत. कमलला वाटलं, अक्का वासातून सुटल्या. अक्कांना वाटलं, कमलची हौस पुरी झाली. दोघींच्या मधोमध भिकन तोंडात खिळे धरून उभा होता, आणि सुकदेवभाऊ त्याला सांगत होते, "काटकोनात. काटकोनात घे."

कमलने दुसऱ्याच दिवशी अक्कांची वाटी भरताने भरली, तो हंगामाचा शेवटचा भरताचा गोळा होता, आणि गिरणीवरून वळसा घालून त्यांच्या घरी गेली. दार कांतीलालच्या बायकोने, मंजूने उघडलं. मंजू स्वभावाने चांगली, पण तिच्याकडे सोफा होता, आणि खिडकीतलं बोलणं सोफ्यावर बसून होत नाही. अक्का झोपल्या होत्या. थोड्या दिवसांनी मंजू कमलची वाटी घेऊन आली. "अक्कांनी परत दिलीय." वाटी घासलेली, पुसलेली, चकचकीत. आत काही नव्हतं.

कमल ती वाटी हातात धरून बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. सुकदेवभाऊ म्हणाले, "बघ, किती स्वच्छ लोक आहेत."

त्यानंतर ती त्या गल्लीत गेली नाही.

वैशाखात वाळवणं झाली आणि डबे भरले. कपाटाच्या उद्घाटनाला सुकदेवभाऊंनी छगननानांना मुद्दाम बोलावलं. पहिला डबा उचलला, खणाशी नेला, आत ढकलला. डबा अडला. आडवा करून बघितला, तिरपा करून बघितला, दुसऱ्या खणात बघितला. झाकण काढलं तर डबा जात होता, पण मग झाकण लावायला वर बोट शिरत नव्हतं. सगळ्या कपाटात, वरपासून खालपर्यंत, एका खणात डबा बसेल तर शपथ.

भिकनला बोलावणं गेलं. त्याने नकाशा मागितला, फळीवर पसरला आणि एका रेघेवर बोट ठेवलं. "तुम्ही रेघ मारी, तठे मी फळी ठोकी. रेघना वरे नही, रेघना खाले नही."

"अरे, पण फळीची जाडी?"

"ती तुमना कागदवर कथी शे?"

कागदावर नव्हती. पाटचारीच्या नकाशात रेघ म्हणजे रेघ. तिथे कोण जाडी मोजतो? आणि भिकनची फळी म्हणजे काही साधी फळी नव्हे, बैलगाडीची. दोन्ही शास्त्रं आपापल्या जागी बरोबर होती. छगननाना एवढंच म्हणाले, "साठवण क्षमता बरीच कमी भरली म्हणायची, पाटीलभाऊ," आणि चहा न घेता निघून गेले, कारण ही बातमी गरम असतानाच सोसायटीत पोचवायची होती. डबे परत जमिनीवर आले. मांडणी तेवढी मोडीत गेलेली असल्याने या वेळी जरा जास्तच पसरले. कमल रागावली की माहेरची, चोपड्याची बोली बोलायची. त्या दिवशी ती सगळ्या घरावरून नजर फिरवून डब्यांकडे बघत म्हणाली, "बठ्ठं घर हिरवं कयं, नि उंदीरसले जागा तीच!"

गॅसवाल्याने आणखी भर घातली. खालच्या बंद शटरमध्ये सिलिंडर बघून तो दारातूनच भरलेला सिलिंडर परत न्यायला निघाला. बंद कपाटात सिलिंडर चालत नाही, हवा खेळली पाहिजे म्हणे. भिकनने शटरला भोकं पाडली. नुसती भोकं त्याच्यातल्या कारागिराला कशी पटावीत? त्याने बैलगाडीच्या साटीवर कोरतात तसे दोन मोर कोरले. त्या मोरांच्या डोळ्यांतून सिलिंडर बाहेर बघत असे.

एवढ्या सगळ्यात एकच माणूस खूश होता, कांतीलाल मुंदडा. त्याच्याकडे नकाशाची अमोनिया प्रिंट गेली होती. "भाऊ, तुमचा नकाशा आईनेच ठेवून घेतला," तो दाणाबाजारात भेटल्यावर म्हणाला. "म्हणते, कमलने केलं तसंच करू. मंजूलाही आवडलं. भिकनलाच सांगितलंय." सुकदेवभाऊंची छाती फुगली. मारवाड्याच्या घरी आपला नकाशा! त्यांनी ही गोष्ट ऑफिसात तीनदा सांगितली.

पावसाळ्यात बाथरूमचं निघालं. उरलेल्या लाकडाचं एक कपाट भिकनने तिथे बसवलं होतं, साबण-टॉवेलाचं. नकाशात त्याचं दार बंद दाखवलं होतं, बाथरूमचं दारही बंद दाखवलं होतं, आणि बंद असताना दोन्ही दारं अगदी गुण्यागोविंदाने राहत होती. आषाढातल्या एका सकाळी कमल भाजीला गेलेली असताना सुकदेवभाऊंनी अंघोळ करून टॉवेलसाठी कपाट उघडलं. पाण्याने फुगलेलं शटर निम्म्यात आलं आणि रुतलं. ना पुढे, ना मागे. बाथरूमचं दार आत उघडायचं, ते शटरला अडलं. आत सुकदेवभाऊ, अंगावर टॉवेल, बाहेर ऑफिसची वेळ.

त्यांनी आधी सभ्य हाका मारल्या, मग असभ्य. कोणी येईना. आणि तेव्हा, काही विचार न करता, त्यांच्या तोंडून निघालं, "अक्का! ओ अक्का!" पूर्वी साधं दूध उतू गेलं तरी पलीकडून आवाज यायचा, "कमल, दूध बाई!" खिडकीशी कान लावून बसलेलं एक माणूस होतं त्या भिंतीत. आता भिंतीतून नुसता ठोकल्याचा आवाज येत होता, ठक्, ठक्, ठक्. सुकदेवभाऊंना वाटलं, आपल्याला सोडवायलाच कोणी काही तोडतंय. म्हणून ते उत्साहाने ओरडले, "इकडे! इकडे!" ठोकणं आपल्या लयीत चालू राहिलं, मग थांबलं.

शेवटी झरोक्यातून टॉवेल हलवावा लागला. टॉवेल एकच होता, हे इथे नोंदवून ठेवलेलं बरं. तो छगननानांना दिसला. नानांनी शिडी आणली, झरोक्यातून आत डोकावले आणि म्हणाले, "परवानगी स्वयंपाकघराची घेतली होती, पाटीलभाऊ. हे कपाट अर्जात नव्हतं."

मग हिवाळा आला आणि बाजारात भरिताची हिरवी वांगी आली. रविवारी कमलने ती गोवऱ्यांवर भाजली, ठेचली, आणि हाताच्या सवयीने एक गोळा बाजूला काढून वाटीत ठेवला. मग तिने वर बघितलं. समोर हिरवं शटर होतं.

तिने हात धुतले. मग पदर खोचला, वाटी उचलली आणि गेली. परत आली तेव्हा वाटी तशीच भरलेली होती. सुकदेवभाऊ पेपर वाचत होते. कमल त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मी अक्कांना म्हटलं, लसणाचा त्रास होत होता तर आधीच सांगायचं होतं. अक्का म्हणाल्या, 'कसाना तरास? तुन्हीच हौस व्हती ना बाई?'" ती थांबली. "मला पुढे काही बोलता आलं नाही. वाटी द्यायचीही विसरले. माझी कसली हौस होती हो?"

सुकदेवभाऊंनी पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली. एवढ्या कपाटांच्या घरात तोंड लपवायला एक खण नव्हता. ते उठले, माळ्यावरून करवत काढली आणि स्वयंपाकघरात गेले. बरण्या खाली उतरवल्या, मधली फळी कापून काढली, मागच्या फळीला भोक पाडून करवत आत घातली. बाभूळ ती, सहजासहजी कुठली कापली जाते? घाम निथळत होता, तळहाताला फोड आले, पण ते थांबले नाहीत. कमल वाटी घेऊन मागे उभी होती. 

फळीचा चौकोन धाडकन आत पडला. भिंतीच्या जाडीत कमलचा पडदा होता तसाच लोंबत होता, धुळीने काळा पडलेला. त्याच्यापलीकडे अक्कांचा पडदा. सुकदेवभाऊंनी तो सारला, आणि हात फळीला लागला. जाड, बाभळीची फळी. तिच्यावर भिकनने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मागली बाजू, पाटील नकाशा'.

एका घराचा नकाशा उलटा करून दुसऱ्याला चिकटवला की काय होतं, हे साऱ्या जळगावात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

कमलने पुढे होऊन फळीवर थाप मारली. एकदा, दोनदा. आतून भांडी सरकल्याचा आवाज आला आणि मग खूप लांबून यावा तसा आवाज, "कोन शे?"

"अक्का, मी!"

"जोरमा बोल बाई! डबा आडा येतस!"

जोरात बोलण्यासारखं दोघींकडे काही नव्हतं. त्यांचं सगळं हळू बोलायचं होतं.

सुकदेवभाऊ करवतीसकट वळसा घालून मुंदडांकडे गेले. कांतीलालने त्यांना सोफ्यावर बसवलं, चहा मागवला. भिकनने तिकडे फळ्यांची जाडी आधी धरून खण केले होते. पहिल्या घरची चूक दुसऱ्या घरी कामाला येते. डबे पलटणीसारखे उभे होते. "भाऊ, आता कसं तोडायचं?" कांतीलाल अगदी नम्रपणे म्हणाला. "वर्षाचं सगळं आत भरलंय. आणि नकाशा तर तुमचाच आहे. त्यात खिडकी कुठे होती?"

अक्का दाराशी भिंत धरून उभ्या होत्या. सुकदेवभाऊ उठले. "अक्का, कमलची हौस नव्हती. तिला नकोच होतं. मीच तसं म्हणालो, तुम्हालाही आणि तिलाही."

अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही; राग परवडला असता.

"हाई तव्हय सांगाले पाहिजे व्हतं, भाऊ," त्या म्हणाल्या. मग सुकदेवभाऊंचं दुःख कमी करावं म्हणून की काय, पुढे बोलल्या, "कपाट चांगलं शे. डबा बठ्ठा मावतस."

घरी येऊन सुकदेवभाऊ कापलेल्या खणासमोर उभे राहिले. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी जमिनीवरचा दादरचा डबा उचलला आणि त्या मोकळ्या जागेत ठेवून बघितला. मधली फळी गेल्यामुळे उंची वाढली होती. डबा झाकणासकट आत गेला, ऐटीत उभा राहिला, वर चार बोटं जागाही उरली. सगळ्या कपाटात डबा बसेल असा तो एकच खण.

"कमल, बसला बघ! डबा बसतो इथे!" त्यांच्या आवाजात जुना आरेखक क्षणभर परत आला.

कमलने भरताची वाटी ओट्यावर ठेवली. मग तो डबा दोन्ही हातांनी बाहेर काढला आणि पुन्हा जमिनीवर इतर डब्यांच्या ओळीत ठेवला.

"ती जागा डबानी नही शे," ती म्हणाली. रागावली नव्हती, तरी चोपड्याच्या बोलीत म्हणाली. मग तिने शटर उघडंच ठेवलं आणि भाकरी थापायला बसली.